खात्याचा भोंगा

सलग तिसऱ्यांदा समोरचा गडी मोकळाच बास्केटखाली पोचला, आरामात चेंडू टाकून परत फिरला, आणि भोंगा तोंड मिटून बघत राहिला.

“अरे, ओरड की!” कप्तान कळवळला. “दातखीळ बसली का तुझी?”

भोंग्याने नुसती मान हलवली.

पाणीपुरवठा खात्याचा हा संघ. भोंगा एकोणीस वर्षं त्याच्या पाठीशी उभा होता, बास्केटखाली. वय चव्वेचाळीस, उंची सहा फूट चार इंच, गुडघे कधीच कामातून गेलेले. धड उडीही मारता येत नव्हती आता. पण पंपघरात मोटारींच्या धडधडाटावर बोलून बोलून त्याचा घसा असा काही तयार झाला होता की अख्खा बचाव त्या घशावर चालायचा. मागून त्याला सगळं मैदान दिसायचं. “डावीकडून आला!” “उजवीकडे भिंत!” भिंत म्हणजे आपल्या पाठीमागे गुपचूप येऊन वाट अडवणारा समोरचा गडी. आणि आपला कोणी बिचकलाच, तर, “भिड बिनधास्त, मागे मी आहे!” पुढचे चौघे कधी वळून बघतच नसत. बघायची गरजच काय?

घरी मात्र हाच माणूस पक्का मुखदुर्बळ. “खात्याचा भोंगा, घरचा मुका,” बायको म्हणायची. चार वर्षांपूर्वी लेकीने सासरहून फोन केला होता. “बाबा, मी परत येऊ का?” त्याला ‘ये’ म्हणायचं होतं. त्याहून बरंच काही म्हणायचं होतं. शब्द घशाशी आले आणि तिथेच अडकले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवून दिला. सासर तिने सोडलं, पण माहेरी आली नाही. परगावी एक खोली घेऊन एकटी राहिली. तेव्हापासून फोन यायचा तो आईला.

आता डॉक्टरांनी सोमवार दिला होता. स्वरयंत्र काढायचं. जीव वाचेल, आवाज नाही. “तोवर जपून बोला,” ते म्हणाले होते, “ओरडलात तर आहे तोही जाईल.” हे फक्त बायकोला ठाऊक होतं. संघात सांगितलं असतं तर सगळ्यांनी कीव केली असती, आणि ती त्याला नको होती. बायकोने कारण न सांगता बोलावून घेतलं होतं, रविवारी लेक येणार होती. उरलासुरला आवाज त्याने तिच्यासाठी राखून ठेवला होता. काय बोलायचं ते अजून जमत नव्हतं. आठवडाभर कागदावर लिहीत होता आणि खोडत होता. पण बोलायचं, हे नक्की होतं. आज शनिवार, अंतिम सामना. नाही म्हणवलं नाही म्हणून तो उभा राहिला, पण मुकाट्यानेच खेळायचं ठरवून.

मध्यंतरानंतर, तिसऱ्या भागात टिल्लू पडला. बिलाच्या खिडकीवरचा कारकून, दोन पोरांचा बाप, संघातला सगळ्यात बुटका. समोरच्या गड्यावर नजर लावून तो उलटा धावत होता आणि त्याच्या मागे भिंत येऊन उभी राहिली. भोंग्याला ती दिसली. चांगली वेळेत दिसली. त्याने ओठ घट्ट मिटले. टिल्लू भरधाव जाऊन आदळला, गिरकी खाऊन तोंडावर आपटला. हनुवटी फुटली आणि जर्सीभर रक्त झालं.

भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पट्टी लावून टिल्लू परत मैदानात आला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “दादा, माझं काही चुकलं का? आवाज दे ना. तू आहेस म्हणून आम्ही मागे बघत नाही.”

खेळ सुरू झाला. टिल्लू पुन्हा तसाच धावला, मागे न बघता. पुन्हा भिंत आली.

“उजवीकडे!”

टिल्लू सर्रकन वळला. आणि मग भोंगा थांबलाच नाही. “डावीकडे! हात वर! भिड रे बिनधास्त, मागे मी आहे!” प्रत्येक हाकेला घशात काच फिरत होती. दहाचा फरक चारवर आला, चारचा एकवर. आवाज आधी घोगरा झाला, मग चिरका. शेवटची दोन मिनिटं त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती आणि त्याच दोन मिनिटांत सामना हातचा गेला. एका गुणाने.

पोरं पाठीवर थाप मारून, माना खाली घालून निघून गेली. क्रीडागृह रिकामं झालं. भोंगा बाकावर बसून राहिला. एवढं सगळं करून काय मिळालं? उद्या लेकीसमोर कोणत्या तोंडाने बसायचं?

पायऱ्यांवर पावलं वाजली. खांद्याला बॅग लावून लेकच खाली उतरत होती. एक दिवस आधीच आली होती. घरी आईने सगळं सांगितलं, तशी ती पाणीही न पिता इकडे निघाली होती. केवढी वाळली होती पोर!

तो धडपडत उठला. तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. गळ्यावर हात दाबून जोर लावला. काही नाही.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “मध्यंतरापासून वरच्या रांगेत बसले होते. सगळं ऐकलं.”

तो जोरजोरात मान हलवू लागला. हे नव्हतं, तुला सांगायचं ते हे नव्हतं, पण ते तिला कळणार कसं?

तिने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“‘मागे मी आहे.’ बाबा, त्या दिवशी फोनवर मला एवढंच ऐकायचं होतं.”