लमाण खिंड

"याडी, थांब. इथंच असली पायजे खिंड," उज्ज्वला म्हणाली आणि हातातला नकाशा तिनं एका दगडावर पसरला.

तिची आई लालीबाई धापा टाकत वर आली. "कायले आणलं मले इथं? पाण्याचा थेंब नाही, सावलीले झाड नाही."

खरंच होतं ते. आर्णीकडचा हा डोंगर उन्हाळ्यात पार भाजून निघायचा. तांड्यातलं कोणी वर फिरकत नसे. पण इंग्रजांच्या काळातल्या त्या नकाशावर डोंगर चिरत जाणारी एक तुटक रेघ होती आणि तिच्याजवळ बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लमाण खिंड'. मीठ आणि धान्य लादलेले बैल घेऊन त्यांचेच पूर्वज इथून जात. मग डोंगराला मोठा वळसा घालून सडक झाली. बैल गेले आणि नव्या नकाशांतून खिंडही गेली.

भूगोल शिकणाऱ्या उज्ज्वलाला हा नकाशा कॉलेजात दिसला. तिची झोप उडाली ती मात्र सुनीलमुळे. त्याचं स्थळ सगळ्यांना पसंत होतं. एकट्या लालीबाईनं मोडता घातला होता. "पोरगा चांगला हाय. पण जायले दोन एसट्या, आख्खा दिवस जाते. एकुलती एक पोरगी मी इतक्या दूर देत नाही." तिच्यापुढं नवऱ्याचं, फुलसिंगचंही काही चाललं नव्हतं.

उज्ज्वलानं वाटेतली काटेरी झुडपं काठीनं बाजूला सारली. समोर दोन कड्यांमधून डोंगर मोकळा झाला. पायाखालचा दगड बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला. पलीकडून गार वारा आला. खाली एक तांडा होता, इतका जवळ की अंगणातल्या कोंबड्या दिसत होत्या. एक बाई मिरच्या वाळत घालत होती.

"हा कोनाचा तांडा?" लालीबाईनं विचारलं.

"सुनीलचा. अन् त्या त्याच्या आई, इंदूबाई."

लालीबाईनं मागं वळून आपल्या घराचं छप्पर पाहिलं. पुन्हा पुढं पाहिलं. उज्ज्वलाचा जीव टांगणीला लागला.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली असती का?"

लालीबाईनं पदर खोचला, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि खणखणीत हाक मारली, "ओ इंदूबाई! चहा टाका, तुमच्या सुनेची माय येऊन राह्यली!"