सव्वादोनचा बोगदा

एकशे अठ्ठेचाळीस. अंकुरने स्क्रीनवरचा आकडा पुन्हा वाचला. त्याच्याखाली उत्तराचा आकडा, ब्याण्णव. दोन्ही बाइटांत. दुपारचे सव्वादोन वाजून बारा सेकंद झाले होते.

व्हीपीएनचा एक प्रकार अशीच ओळख पटवतो. इकडून एकशे अठ्ठेचाळीस बाइटांचं पॅकेट जातं, पलीकडून ब्याण्णवचं येतं, आणि बोगदा तयार होतो. त्यानंतर त्या घरातून एकाही साइटचं नाव विचारलं जात नाही. सगळी ये-जा एकाच दूरच्या पत्त्याशी, तीही कुलूपबंद.

"एक कस्टमर हाय," तो शेजारच्या टेबलावरच्या कल्पेशला म्हणाला. "घरातून रोज दुपारी अर्धा तास व्हीपीएन. आत काय चाललंय ते कळेल का?"

"आपल्याला बोगद्याचं तोंड दिसतं, भाई. आतली गाडी नाय." कल्पेशने वडापावचा कागद चुरगळला. "विचारतंय कोण? नवरा का बायको?"

"नवरा."

"मग कल्याण झालं त्याचं. भाजीची रेसिपी बघायला कोण बोगदा खणतो?"

अंकुर हसला. कनेक्शन त्याच्याच नावावर होतं, सारसोळ्यातल्या त्याच्याच घराचं. त्या वेळी घरात एकटी अर्पिता असायची. मुलगी मनाली शाळेतून चारला यायची.

नेरुळच्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत तो नऊ वर्षं नेटवर्क सांभाळत होता आणि जेवताना त्याची फुशारकी मारत होता. कोण कुठल्या साइटवर जातं ते आम्हाला बसल्या जागी कळतं, म्हणायचा. पानावरचा मजकूर दिसत नाही, पण साइटचं नाव लपत नाही. जूनमध्ये त्याने शेजाऱ्यांचंच उदाहरण दिलं. त्यांचा मुलगा परदेशी जायचं बघतोय आणि आईबापाला पत्ता नाही.

"आपल्या घरचं पन दिसतं?" अर्पिताने विचारलं होतं.

"सगळ्यात आधी," तो म्हणाला होता.

बोगदा जुलैत सुरू झाला.

एकदा संशय आल्यावर त्याला बाकीचंही दिसू लागलं. अर्पिता बारीक झाली होती. विचारलं तर म्हणे, डाएट. कोळ्याच्या घरात जन्मलेली ती, पण आता बोंबलांचा वास आला की खिडकीशी जाऊन उभी राहायची. साफ करायला अकरा वर्षांच्या मनालीला बसवायची आणि लांबूनच सांगायची, असं धर, तसं काप. दर तिसऱ्या बुधवारी वाशीला मावशीकडे जायची आणि परत आली की न जेवता झोपायची. यंदा तर मसालाही तिने दोन वर्षांचा कुटून बरण्या भरून ठेवल्या होत्या. घर सोडून निघालेली बाई मागची सोय लावून जाते, असं त्याच्या मनाने घेतलं.

रविवारी जेवताना त्याने विषय काढला.

"दुपारी काय करतेस ग एकटी?"

"काय करनार? कपड्यांच्या घड्या करते."

"आणि फोन?"

"बघते कदी कदी." तिने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. "तुमच्या हापिसात दिसत नाय का?"

"बाबांना सगळं दिसतं!" मनाली म्हणाली.

"मग इचार त्यांना, माझा चश्मा कुठं हाय."

मायलेकी हसत सुटल्या. अंकुरने ताट बाजूला सारलं.

सोमवारी त्याने आपल्या घराच्या लाइनवर तो दूरचा पत्ता बंद केला. एका ओळीचा नियम. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती.

सव्वादोनला पॅकेट आलं. उत्तर नाही. पाच सेकंदांनी पुन्हा आलं. पुन्हा. कडी वाजवून कुणी दाराशी थांबावं, मग परत वाजवावी, तसं. एकोणीस वेळा. मग काहीच नाही.

दोन अठ्ठावीसला बोगद्याचा नाद सोडून तिच्या फोनने उघडपणे एक नाव विचारलं.

लग्नं जुळवणारी साइट होती.

चौदा वर्षांचा संसार, आणि ही स्थळं बघतेय.

"भाई, चहा?" कल्पेशने विचारलं. "काय रे, तोंड का उतरलं?"

"त्या कस्टमरचं कळलं."

"बोललो होतो ना मी!"

अंकुर उठला आणि फोन घेऊन जिन्यात गेला. नाव कळलं होतं, पान कळलं नव्हतं. आता त्याला ते पानच हवं होतं. तिने फोटो कुठला लावलाय, वय किती सांगितलंय, मनालीचं काय लिहिलंय. ते तोंडावर फेकून तो विचारणार होता, माझं काय चुकलं?

स्थळं पाहायची तर आधी नोंदणी लागत होती. त्याने आपला मोबाइल नंबर टाकला.

या नंबरचं खातं आधीपासून आहे, असं उत्तर आलं. पाठोपाठ ओटीपी.

त्याने तो टाकला.

फोटो त्याचा स्वतःचा होता. मनालीच्या वाढदिवसाचा, शेजारी उभी असलेली अर्पिता कापून काढलेला. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मसुदा, अजून प्रसिद्ध केलेला नाही. शेवटचा बदल आज दुपारी दोन एकतीस.

खाली माहिती होती. "माणूस तापट वाटतो, पण मनात काही ठेवत नाही. ताप आला की लहान मुलासारखा होतो, तेव्हा रागवू नये. मुलगी शहाणी आहे. तिचे फक्त केस विंचरून द्यावे लागतात."

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'विधुर' निवडलेलं होतं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती: "डिसेंबरच्या आधी कृपया फोन करू नये, तोवर मी आहे."