काड्यापेटीतलं घर

वाल नदीकाठच्या त्या गावात तटाबाहेर विटांचं घर बांधायला बंदी होती. शत्रू आला की पटकन जाळता यावं, तटावरच्या तोफांना समोरचं मोकळं दिसावं, म्हणून घर लाकडाचंच हवं. ‘काड्यापेटीतले’ म्हणून गाव हिणवायचं, तरी लिस्बेतच्या तीन पिढ्यांनी तो कायदा पाळला.

१९४०च्या मे महिन्यात जर्मन फौज सरहद्द ओलांडून आली, आणि आपल्याच देशाच्या सैन्यातला लेफ्टनंट वेसेल रॉकेलचे डबे घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

“दहा मिनिटं, मावशी. काय घ्यायचं ते घ्या.”

तिने कोंबड्या तेवढ्या घेतल्या.

घराची राख झाल्यावर ती धापा टाकत तटावर चढली. ज्यांच्यासाठी घर गेलं, त्या तोफा तरी बघाव्यात! चौथऱ्यांवर शेळ्या बसल्या होत्या. शेजारी वेसेल सिगारेट ओढत होता.

“तोफा कुठायत रे?”

“त्या होय? भंगारात गेल्या, माझ्या जन्माआधीच.”

“मग माझं घर कशाला जाळलंस, मेल्या?”

त्याने खिशातून कागद काढला. “नियमात घरांचं लिहिलंय, मावशी. तोफांचं काही नाही.”

लिस्बेत त्या कागदावर पचकन थुंकली. वेसेलने तो बाहीला पुसला, नीट घडी घातली आणि शिपायांना म्हणाला, “चला, अजून सहा घरं आहेत.”