फाटकावरचा शब्द

हार्डांगरच्या घाटात वारा बर्फ उडवत होता, म्हणून गाड्या बर्फ सारणाऱ्या यंत्रामागून रांगेनेच सोडत होते. फाटकावरच्या म्हाताऱ्याने खिडकीतून विचारलं, “घोंगड्या, फावडं, सगळं आहे ना?” “आहे की, काका! लेकीला डोंगर दाखवायचेत,” गाडी चालवणारा आयविंड हसून म्हणाला. म्हाताऱ्याने डिकी तपासली नाही. इथे माणसाच्या शब्दावर फाटक उघडतं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचं, गुनवोरचं डोकं फिरलं. स्कीच्या फळ्या मावाव्यात म्हणून नवऱ्याने घोंगड्या घरीच ठेवल्या होत्या. ‘वाटेत घेऊ,’ म्हणाला होता. “काका, हा खोटं बोलतोय,” ती मध्येच म्हणाली. “एकही घोंगडी नाही गाडीत.” म्हाताऱ्याने गाडी रांगेबाहेर काढायला लावली. “चारचौघांत माझी लाज घालवलीस!” आयविंड ओरडला. “लाज उद्या परत मिळेल,” मागे झोपलेल्या लेकीकडे बघत ती कडाडली. “वर घाटात अडकून ही गारठून गेली असती, तर हिला कुठून परत आणणार होतास?”