गोग्रास

द्वारकाबाईंचं कुंकवाचं बोट कौसल्येनं अलगद बाजूला केलं. श्रावणातल्या शुक्रवारी शेजारच्या ह्या सुनेला सवाष्ण म्हणून जेवायला सांगायला त्या आल्या होत्या.

"काकू, निवडणुकीत तुमची मतं आमच्या विरोधातल्या पॅनेलला गेली. तुमच्याकडे जेवले, तर घरचे मला त्यांच्यातली म्हणतील."

"अगं, देवीचं जेवण आहे. त्यात कसलं आपलं नि त्यांचं?"

"आता सगळ्यातच आहे, काकू."

सवाष्णीचं पान तसंच राहिलं. निदान गोग्रास तरी घडावा म्हणून द्वारकाबाई पुरणपोळी घेऊन अंगणात आल्या. फाटकाशी कौसल्येची गाय मान पुढे करून उभी होती.

"त्यांची आहे ती," ओसरीवरून यजमान म्हणाले.

कुणी धरला नव्हता, तरी द्वारकाबाईंचा हात मागे आला. मग गायीच्या डोळ्यांत त्यांना बघवेना.