राखीव जागा

चार वाजता पुन्हा फोन येणार होता आणि भूपेशबद्दल काय सांगायचं, हे हिमानीचं काही केल्या ठरत नव्हतं.

सकाळी बदलापूरच्या एका हॉस्पिटलमधून श्यामकांत नावाच्या गृहस्थांनी विचारलं होतं, "भूपेश भोईरांनी आमच्याकडे सर्व्हर सांभाळायच्या जागेसाठी अर्ज केलाय. तुमच्या लॅबमध्ये होते ना ते? माणूस विश्वासाचा आहे का? ओळखीत त्यांनी तुमचंच नाव दिलंय."

तुमचंच नाव. हिमानीने दुपारपर्यंत वेळ मागून घेतला.

सहा वर्षांपूर्वी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या याच लॅबमध्ये ती रिपोर्ट टाइप करायची आणि भूपेश सर्व्हर बघायचा. माणूस वाईट नव्हता. हिमानीचे बाबा तेव्हा आजारी होते. कुळगावहून धावतपळत यायचं, त्यात उशीर आणि उशिराबद्दल लॅबमालक शेठचे दोन मेमो. एकदा ती जिन्यात रडत बसलेली त्याला दिसली. "अजून एक रिपोर्ट अडला ना, तर शेठ मला घरी बसवतील," ती म्हणाली.

"तुझं नाय अडायचं," असं म्हणून तो वर गेला होता. लोक धीर द्यायला बोलतात तसंच ते होतं. हिमानीला त्या दिवशी तेवढंही पुरलं.

पुढे सर्व्हरची डिस्क भरायला लागली. दुपार झाली की कुणाचा ना कुणाचा रिपोर्ट सेव्ह होईना. बाहेर पेशंटचे नातेवाईक डोकं उठवायचे. भूपेश जुन्या फायली हलवून हलवून थकला. नवी डिस्क मागितली की शेठ हात वर करायचे. शेवटी शेठच्याच लक्षात आलं की भरलेली आणि उरलेली जागा मिळून डिस्कच्या आकाराएवढी होत नाही. पन्नास जीबी गायब.

"ती राखीव असते," भूपेश म्हणाला.

"कोणासाठी?"

त्यावर तो पुन्हा फायली हलवायला लागला.

शेठनी सगळ्या स्टाफला बोलावून घेतलं. तेव्हा हिमानीच बोलली. "माझा तर इतक्यात एकही रिपोर्ट अडला नाही. डिस्क खरंच भरलेली असती तर माझाही अडला असता ना? कुठेतरी पाणी मुरतंय."

आपण कामात नीटनेटक्या आहोत, याचा तिला तेव्हा भारी अभिमान होता. भूपेशने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. महिनाअखेरीस त्याला काढलं, नवा सर्व्हर आला आणि वर्षभरात हिमानी इन्चार्ज झाली. जाताना त्याने तिच्या हातात एक कागद ठेवला होता. त्यावर पासवर्ड आणि सात-आठ कमांड, सगळं सुवाच्य अक्षरात. मागे एकदा अंबरनाथ स्टेशनबाहेर तो रिक्षा घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला दिसला, तेव्हा हिमानी मुद्दाम पुढच्या रिक्षाकडे गेली. त्या वागण्याची तिला अजून लाज वाटायची.

आज तो जुना सर्व्हर भंगारात जायचा होता. शहाडहून जितेश टेम्पो घेऊन आला होता. पन्नाशीचा, जुनी मशिनं खोलण्यात हयात गेलेला माणूस.

"बंद करू, मॅडम?"

"थांबा जरा. एक बघायचंय."

तिने तो कागद काढला. शेवटची कमांड डिस्कच्या सेटिंग बघायची होती. सहा वर्षांत तिने ती कधी वापरली नव्हती. अक्षर न् अक्षर तपासत तिने ती टाइप केली आणि पडदा ओळींनी भरून गेला.

जितेशने चष्मा चढवला. "हे बघा, राखीव जागा. सगळ्या डिस्कवर असते. पाच टक्के ठेवतात सिस्टिमसाठी. डिस्क फुल झाली, बाकी सगळे अडले, तरी त्या जागेत काम चालू राहायला पायजे ना." मग तो पडद्याजवळ वाकला. "पण या पाचशे जीबीच्या डिस्कवर दहा टक्के आहे. डबल. ये किसीने हाथ से किया है."

"कोणी?"

"रूटचा, म्हणजे सर्व्हरचा मुख्य पासवर्ड ज्याच्याकडे, त्याने. एखाद्या युजरच्या नावावर पण करता येते. मग बाकीचे बोंबलत बसले तरी त्याचं चालूच."

पन्नास जीबी. म्हणजे तेव्हा आपण बोललो ते खरंच होतं. हिमानीला वाटलं होतं की हे कळल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाही.

चारला पाच मिनिटं असतानाच फोन वाजला.

"स्वभावाने चांगले आहेत," ती म्हणाली. "पण विश्वासाच्या कामासाठी... मी खात्री देऊ शकणार नाही."

"स्पष्ट बोललात, बरं झालं. दुसऱ्या उमेदवाराला आत्ताच कळवून टाकतो. आज पत्र द्यायचंच होतं."

फोन ठेवून ती पुन्हा सर्व्हरच्या पडद्यासमोर आली. भूपेशच्या रिक्षाचं ते फाटकं हूड तिला आठवलं. खोटं तर बोललो नाही, असं तिने स्वतःला दोनदा समजावलं.

"आता बंद करू?" जितेशने विचारलं.

"ती जागा कोणाच्या नावावर आहे, ते दिसतं का?"

"दिसते ना. बरंच खाली असते. सरकवा वर."

शेठना दाखवायला एकदा लिहून ठेवावं म्हणून तिने पेन उघडलं, कागदावर 'भूपेश' लिहिलं आणि मग एकेक ओळ वर सरकवत गेली. राखीव जागेच्या ओळीत युजरचं नाव होतं. रोज सकाळी लॉगिन करताना ती स्वतः टाइप करायची, तेच.