घोड्याचा स्क्रू

उस्तादांनी भिंग पुसून डोळ्याला लावलं आणि त्यांना रिव्हॉल्वरच्या घोड्यापाशी स्क्रू दिसला. तिथे स्क्रू असायला नको होता.

रिव्हॉल्वर खरं नव्हतं. तळहातात मावेल एवढ्या चांदीच्या पट्टीवर ते कोरलेलं होतं. अशा बारा पट्ट्या लाकडी पेटीत मखमलीवर मांडलेल्या होत्या. एकीवर ठासणीची बंदूक, एकीवर दुनळी, एकीवर चकमकीचं पिस्तूल. चाळीस वर्षं लोकांच्या बंदुका दुरुस्त केलेल्या माणसाचा म्हातारपणी हाच काय तो शौक. पैसे उस्ताद पाठवायचे आणि दूरच्या शहरात राहणारा थोरला मुलगा दर वाढदिवसाला एक पट्टी शोधून आणायचा.

ही रिव्हॉल्वरची पट्टी आली तेव्हा उस्ताद पोट धरून हसले होते. कोरणाऱ्यानं घोडा काढला होता, पण तो ज्या स्क्रूवर फिरतो तो स्क्रूच विसरला होता. "बघा, घोडा हवेत उभा आहे!" असं ते येईल त्याला दाखवत.

आणि आज स्क्रू जागेवर होता. त्याच्या डोक्यावरची खाचसुद्धा.

त्यांनी पट्टी हातावर तोलली. नेहमीपेक्षा हलकी लागली. मग एकेक करून बाराही तोलल्या. दुनळी हलकी. चकमकीचं पिस्तूल हलकं. बाकीच्या नऊ नेहमीसारख्या जड. चाळीस वर्षं नळ्या तोललेला हात, तो काही फसायचा नाही.

कुणीतरी तीन पट्ट्या बदलल्या होत्या.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्या करगोट्याला, दुसरी लेकीकडे, कधी दुखलंखुपलं तर असावी म्हणून. आणि लेकीचा नवरा सुतार. ही पेटी त्यानंच केली होती. गेल्या वर्षी मापासाठी म्हणून एक पट्टी घेऊन गेला, ती तीन दिवसांनी परत आणली. मापाला तीन दिवस? तेव्हा उस्तादांनी मनावर घेतलं नव्हतं.

दुपारी लेक आणि जावई आले. जावई घामानं निथळत होता.

"चालत आलात? स्कूटर कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय."

"चार महिने झाले की. दुरुस्तीला दिलीय की माहेरपणाला?"

जावई हसला. लेक हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

पाणी पिता पिता जावयाची नजर दोनदा कपाटाकडे गेली. उस्तादांनी मोजलं.

"पेटीची बिजागरी कुरकुरत नाही ना?" त्यानं विचारलं. "बघू का जरा?"

"बिजागरी ठणठणीत आहे. घरातली माणसंच कुरकुरायला लागलीत." उस्तादांनी रिव्हॉल्वरची पट्टी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "हा स्क्रू कुठून आला, जावईबापू?"

जावयानं पट्टी डोळ्यांजवळ नेली. "कुठला स्क्रू?"

"सुताराला बंदुकीतलं काय कळणार म्हणा! तिथंच फसलात."

जावयाचा चेहरा उतरला. लेक एकदम म्हणाली, "अहो, सांगून टाका ना त्यांना!"

"नको," जावई हळूच म्हणाला. "चल, निघू या."

"किल्ली ठेव इथे," उस्ताद लेकीला म्हणाले. "आणि हा माणूस पुन्हा माझा उंबरा चढता कामा नये."

लेकीनं किल्ली टेबलावर ठेवली. "मग मीही नाही चढणार, बाबा."

ते गेले. लेकीनं अर्धा सोडलेला चहा साय धरून तसाच राहिला. उस्तादांना तो कप उचलवेना. एकच लेक. रोज संध्याकाळी जेवलात का विचारायला फोन करणारी.

त्यांनी थोरल्याला फोन लावला.

"मी सांगत नव्हतो?" थोरला म्हणाला. "घरात सुतार घेतला की भुसा पडणारच. पण बाबा, सराफाकडे मात्र जाऊ नका हं. उगाच गावभर बोभाटा. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी मी येतो आणि अख्खी पेटी माझ्याकडे नेऊन ठेवतो."

उस्तादांना ते पटलं. पण रात्र सरली तरी लेकीचा फोन आला नाही. तिचे डोळे उघडायचे तर तोंडी बोलून भागणार नव्हतं. नवऱ्याचं पितळ तिला कागदावर दाखवायला हवं होतं.

सकाळी दुकान उघडताच ते सराफापुढे पेटी घेऊन बसले. तीन पट्ट्या त्यांनी बाजूला काढल्या.

"या तीन खोट्या आहेत. तसं लिहून द्या. बाकीच्या नऊ मुद्दाम आणल्यात, शेजारी ठेवलं की तुम्हाला फरक कळेल."

सराफ तरुण होता, पण घाईचा नव्हता. प्रत्येक पट्टीची कड त्यानं कानशीनं जराशी घासली, वर औषधाचा थेंब सोडला आणि रंग पाहिला. मग पाण्यात बुडवून वजन केलं. उस्ताद दाराबाहेर बघत राहिले. लेकीला हा कागद कसा द्यायचा? स्वतः जाऊन की पोस्टानं? तिच्या दारात उभं राहायला पाय धजतील का?

"काका."

सराफानं तीन पट्ट्या एका रुमालावर ठेवल्या होत्या आणि नऊ दुसऱ्यावर. तो बराच वेळ त्या नऊ पट्ट्यांकडे बघत होता.

"झालं? लिहा मग."

"लिहितो. या तीन अस्सल चांदीच्या आहेत, नव्याकोऱ्या." त्यानं दुसरा रुमाल उस्तादांकडे सरकवला. "पण या नऊ शिशाच्या, वरून चांदीचं पाणी दिलेल्या. या तुम्हाला कुणी आणून दिल्या?"